संत्र्यावरची ठिणगी

कुहीच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर शीतलानंद महाराज उभे होते, अंगात पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष. डॉक्टर हवा त्याला डॉक्टर, देव हवा त्याला देव!

"हा कोल्ड प्लाझ्मा!" हातातली काचेची जांभळी कांडी नाचवत ते गरजले. "थंड अग्नी! चांगल्या पेशीसमोर मौन, कॅन्सर दिसला की गर्जना!"

कांडी पदर सावरून समोर बसलेल्या जयवंताच्या उजव्या गालावर टेकली. चूप. डाव्या गालाशी गेली आणि तडतड ठिणग्या उडाल्या. लोकांनी हात जोडले.

डावा गाल सुपारी-तंबाखूच्या खर्र्यानं आतून पोखरला होता. नागपूरला त्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं होतं, ते जयवंतानं धाकट्या भावाच्या शब्दावर टाळलं. "बाई, माह्या मानेतली गाठ इथंच विरली वं," असं थोरल्या बहिणीला बाई म्हणणाऱ्या विश्वनाथनं आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून ती इथं येत होती, आणि आता तिचं तोंड धड उघडतही नव्हतं.

आज सोबत मुलगी होती, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी अपेक्षा. सगळे ठिणग्या बघत होते, ती महाराजांची बोटं बघत होती. तिनं प्रसादाच्या ताटातलं संत्रं उचललं.

"महाराज, याले तपासा."

"ताई, फळाला कॅन्सर होत नसतो!"

"म्हणूनच." तिनं त्यांच्या हातातली कांडी घेतली. संत्र्यावर टेकवली, चूप. केसभर उचलली, तडतड!

"आई, पाह्यलं? मधल्या हवेतून वीज उडी मारते. उजव्या गालावर यानं कांडी टेकवली, डाव्यावर जराशी उचलून धरली. पार्लरमध्ये पिंपल्सवर फिरवतात, तीच ही मशीन. खऱ्या प्लाझ्मावर शास्त्रज्ञ काम करून राहिले, पण त्याचा अन् याचा काही संबंध नाही."

"मंग विश्वनाथची गाठ कशी गेली वं?" मागून कोणीतरी ओरडलं.

विश्वनाथ छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून माइकपाशी उभा होता. जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं.

"तुले गाठ होती का गा?"

तो बिल्ला चाचपत राहिला. "महाराज म्हणे, लोकायचा विश्वास बसला पाहिजे..."

"लोकायचा? मी लोक हाव काय?"

जयवंताला महाराजांचा फारसा राग आला नाही. परका माणूस, त्याचा धंदाच तो. पण याला कडेवर घेऊन फिरताना जिला कधी ओझं वाटलं नव्हतं, त्या बहिणीला यानं फसवावं, हे तिला गिळवेना.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तेव्हा गालावर भागलं असतं, आता जबड्याचं हाडही काढावं लागेल.

ऑपरेशनच्या सकाळी विश्वनाथ वॉर्डाच्या दाराशी येऊन रडत उभा राहिला. जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती अपेक्षाशी बोलली, एकेक शब्द ओढत.

"त्याले सांग, इथं रडू नको. त्याच माइकवर जाऊन म्हण, मले गाठ नव्हती. दवाखाना सोडून तिथं बसले हायेत, त्यायले इकडे धाड. कोणी चमत्कार दाखवला, तर आधी संत्र्यावर करून दाखव म्हण. हे सारं कर, मंग मले बाई म्हण."