अकरा दिवसांचा उशीर

“अवो, आज सही केली तर काय आभाळ कोसळनार हाय का?” कलाबाईनं कोर्टाच्या कागदांची पिशवी नवऱ्यापुढं आदळली.

रंभाजी ओट्यावर उकिडवा बसला होता. चुलत्याला, अजिनाथ आबाला, खांदा देऊन आदल्या सांजेला परतला होता.

“कुनावर सही करू? काल बापाला आग दिली त्यानं. आज त्याच्याव अपील टाकू?”

“त्यानं दावा टाकला तवा तुमची लाज धरली व्हती का?”

“तवा आबा जित्ता हुता.”

‘तो’ म्हणजे आबाचा मुलगा, काकासाहेब. दोघांच्या आज्यानं खांदलेली विहीर काकासाहेबाच्या गटात येत होती. तीन पिढ्या पाणी निम्मं निम्मं चाललं, पण सातबाऱ्यावर रंभाजीचं नाव कुणी लावलंच नव्हतं. काकासाहेबानं दावा केला आणि शेवगावच्या कोर्टानं निकाल दिला, की विहीर एकट्या काकासाहेबाची. रंभाजीच्या एकशेवीस लिंबोणी त्याच पाण्यावर होत्या, आठव्या वर्षाच्या, भर फळावर.

अपील नगरच्या जिल्हा कोर्टात करायचं होतं. मुदत तीस दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. तेवढे वगळून मी कॅलेंडरवर मोजलं होतं; शेजारी म्हणून रंभाजीच्या कोर्टाच्या तारखा मीच बघायचो. आबा गेले तो चोविसावा दिवस.

“सा दिस ऱ्हायल्यात,” कलाबाई म्हणाली. “अन् तुमचं सुतक तेरा दिसांचं.”

“कोर्टाला कळतं सुतक. तितंबी मानसंच बसत्यात.”

वस्तीवर कुणालाही हे बोलणं वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सुतकात भावकी बांधाचा दगडसुद्धा हलवत नाही, मग कोर्टाचा कागद तर दूरच. दहाव्याला रंभाजीनं नदीवर डोकं भादरून घेतलं, काकासाहेबाच्या शेजारी बसून. तेराव्याला पंगतीत वाढायलाही तोच होता.

तेरावा शुक्रवारी आला. शनिवार चौथा, कोर्ट बंद. रविवार. सोमवारी वकील दुसऱ्या केसमध्ये अडकलेले. मंगळवारी टायपिंग. बुधवारी अपील दाखल झालं, तो एक्केचाळिसावा दिवस.

“अकरा दिवस उशीर,” वकील म्हणाले. “माफीचा अर्ज जोडू. कारण काय लिहायचं?”

“सुतक हुतं.”

“कुणाचं?”

“काकासाहेबाच्या वडलांचं.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. “ज्याच्याविरुद्ध अपील, त्याच्याच बापाचं? अहो, कोर्ट हसेल. टायफॉईड लिहितो. अंथरुणाला खिळलो होतो म्हणा.”

“पर मी तर खडखडीत हुतो.”

“तात्या, विहिरीचं पाणी पाहिजे ना?”

रंभाजीनं शपथेच्या कागदावर सही केली. वळणदार, सावकाश, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाची.

सात महिन्यांनी सुनावणी लागली. काकासाहेबाच्या वकिलानं दूध संकलन केंद्राच्या पावत्या पुढं केल्या. त्या दिवसांच्या सगळ्या, सकाळच्या आणि संध्याकाळच्या. तारीख, लिटर, फॅट आणि खाली रंभाजीची सही.

“टायफॉईडनं पडलेला माणूस रोज दोनदा दूध घालायला जातो?” वकिलानं विचारलं.

रंभाजी आपणहून उभा राहिला. “सायेब, मी सुतकात हुतो. हे बसल्यात ना, ह्यांच्याच वडलांच्या. इचारा त्यांला.”

न्यायाधीशांनी काकासाहेबाकडं पाहिलं. काकासाहेब फरशीकडं बघत होता.

“मग आजारी होतो असं शपथेवर का लिहिलंत?”

रंभाजीनं आपल्या वकिलांकडं पाहिलं. ते फाईल चाळत राहिले.

अर्ज नामंजूर झाला, म्हणून अपीलही गेलं. विहीर कुणी खांदली, पाणी किती वर्षं वाटलं, हे नगरच्या कोर्टात कुणी विचारलंच नाही. तिथवर गोष्ट पोचलीच नाही.

“संभाजीनगरला हायकोर्टात जाता येईल,” बाहेर वकील म्हणाले.

“लिंबोनी थांबल का तवर?”

वकिलांना फोन आला.

बसस्टँडवर आम्ही तासभर बसलो. शेवगावची गाडी आलीच नाही. शेवटी काकासाहेबाची जीप येऊन थांबली.

“चला तात्या. एकाच गावाला जायाचं हाय.”

मला वाटलं, रंभाजी तोंड फिरवील. तो उठला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. निम्मा रस्ता मागं पडला. मग काकासाहेबच बोलला, समोर बघत.

“मला वकिलानं इचारलं, तुमचा तात्या आजारी हुता का? मी म्हनलो, न्हाई. आबाच्या मातीत हुता आमच्यासंगं. आता मी खोटं कसं बोलू?”

“व्हय,” रंभाजी म्हणाला. “खोटं मी बोललो.”

“ते सुतकाचं कागदाव आलं असतं, तर मी न्हाई म्हनलो नसतो.”

“व्हय.”

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रंभाजीची मोटर विहिरीतून निघाली. गोरक्ष वायरमननं चेन-पुली लावली. काकासाहेब काठावर हात मागं बांधून उभा होता. पाइप मोडू नये म्हणून रंभाजी स्वतः विहिरीत उतरला आणि खालून “सावकाश, सावकाश” ओरडत राहिला. मोटर वर आली. तिच्यातलं शेवटचं पाणी काठावरच्या मातीत पडलं आणि बघता बघता मुरलं.

“एक दिस तरी भिजवू द्यायचं हुतं,” कलाबाई म्हणाली. बागेत वाटाण्याएवढी लिंबं धरली होती. बुडाची काळी माती भेगाळून करंगळी जाईल एवढी उकलली होती. मी बोट घालून पाहिलं. दोन पेरांपर्यंत कोरडी, खाली किंचित गार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, शेतीची लाईट यायच्या वेळेला, रंभाजी भाकरी अर्धी टाकून उठला. पायात वहाणा घालून बांधानं चालू लागला.

“कुठं निघालाव?” कलाबाईनं विचारलं.

“लाईट आली.”

तिनं उरलेली भाकरी झाकून ठेवली. मी मागोमाग गेलो. रंभाजीनं स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं. आत थ्री-फेजचे तीनही दिवे लागले होते. खाली वायरींची कापलेली टोकं गोरक्षनं टेप लावून नीट बांधून ठेवली होती. रंभाजी पेटीशेजारी सावली बघून बसला. त्यानं विडीही पेटवली नाही.

सहाच्या सुमारास दिवे विझले.

“गेली,” तो म्हणाला, आणि पेटीला कडी घालून घराकडं निघाला.