देओलिंदाची खुर्ची

कराराचं वर्ष आलं की आदेलिनोच्या घरी रविवारचं जेवण म्हणजे युनियनची बैठकच! कोबीचं सूप निवून जाई, पण गप्पा थांबत नसत.

उत्तर पोर्तुगालमधल्या त्या गावात बाटल्यांची बुचं बनवण्याचा कारखाना होता. पुरुष बुचांसाठी झाडाची साल उकळत, कापत. बायका पट्ट्यावरून सरकणारी बुचं डोळ्यांत तेल घालून निवडत. कामगारांच्या वतीने मालकाबरोबरच्या करारावर सही आदेलिनोची. पुरुषांचं भलं तो भांडून करून घेई. बायकांच्या कामाचा दर्जा मात्र खालचा, म्हणून पगारही कमी. "त्यांचं पुढच्या वेळी बघू," असं म्हणायची रीतच पडली होती.

त्या रविवारी त्याची थोरली बहीण देओलिंदा जेवायला आली. जन्मभर बुचं निवडून ती नुकतीच निवृत्त झाली होती. मीठ घेताना तिचा हात पेल्याला लागला आणि वाईन सांडली.

"ताई, चष्मा बदल की आता!"

"चष्मा काय करणार? डोळेच झिजलेत. पेन्शन बसलंय हलक्या कामाचं, त्यात भागत नाही. घर सोडून लेकीकडे चाललेय मी."

"हलक्या कामाचं?"

"करारात तसंच आहे ना. तूच तर केलास!"

आदेलिनो चपापला. पूर्वी बायका दिवसभर उभ्याने निवड करत, पाय सुजत. त्याने भांडून खुर्च्या मिळवल्या होत्या. मालक हसत कबूल झाला आणि करारात एक ओळ घातली: निवड हे बसून करायचं हलकं काम. आदेलिनोने खुशीत सही ठोकली होती. खुर्ची आली आणि दर्जा गेला!

"मालकाने फसवलं गं आपल्याला."

"तो त्याचं बघणारच. तुम्ही तर आमचे होतात ना? डोळ्यांना कुठे खुर्ची असते रे? पण विचारणार कोण! बैठकीला आमचं सूप यायचं, आम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या बैठकीत मालकाने पुरुषांची पगारवाढ तिथल्या तिथे मान्य केली. बायकांचं पुढच्या वेळी! शेजारी बसलेल्या सहकारी फिर्मिनोने कोपर मारलं, "कर की सही, बाबा."

आदेलिनोने पेन खाली ठेवलं. "ती ओळ काढल्याशिवाय नाही. आणि पुढच्या बैठकीला निवडणाऱ्या बायका इथे बसतील."

"बहिणीपायी आमच्या पोटावर पाय देतोस?"

"ताईला यातलं काहीच मिळणार नाही, फिर्मिनो. तिची वेळ गेली. तुझी बायको अजून पट्ट्याशी बसते."

फिर्मिनोने कोपर मागे घेतलं. वाढ लांबली, शिव्याही पडल्या. पण शेवटी ती ओळ गेली. बायकांनी स्वतः बसून ती काढायला लावली.

आदेलिनो सांगायला धावला, तेव्हा देओलिंदा घराला कुलूप लावत होती. किल्ली कुलपात जात नव्हती. त्याने ती हातातून घेतली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण उशीर केलास रे."

त्याने कुलूप लावून किल्ली तिच्या हातात ठेवली.

मित्रहो, अन्यायाची ओळ मालकच लिहितो असं समजून आपण मोकळे होतो. आपला वाटा पदरात पडला की "त्यांचं पुढच्या वेळी" म्हणणारे आपणही तिच्याखाली सही करत असतो. ज्यांच्या कामाचं मोल ठरतंय, त्यांना त्या टेबलाशी आधी बसवा. देओलिंदाला ती खुर्ची कुणीच दिली नाही!