केंद्र सात, माणसं दोन

तारवाले काकांची पेटी एकदाची शनिवारी दुपारी भरून झाली. टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात त्यांची उमर गेली, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पेटी साधीच, हत्यारं ठेवायची प्लॅस्टिकची. पण तिच्या पोटात अख्खं रेडिओ केंद्र बसवायचं होतं. पूर आला, वीज गेली, फोन मुके झाले, की ही पेटी उचलून मोकळ्या जागी जायचं आणि अर्ध्या तासात लोकांचे निरोप पाठवायला लागायचं. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाने काकांना त्या कामाच्या यादीत घेतलं होतं.

तळाला बॅटरी, ती हलू नये म्हणून कडेने फोमच्या पट्ट्या. तिच्यावर सेट. अँटेनाची तार इंग्रजी आठासारखी गुंडाळलेली, म्हणजे ऐन वेळी गुंता होत नाही. फ्यूज एकाच्या जागी तीन. पेनांऐवजी पेन्सिली, कारण ओल्या कागदावर पेन रुसतं. हेडफोन दोन. त्यातला एक काकांनी बाहेर काढला, टेबलावर ठेवला, उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा पेटीत ठेवला.

मेख तिथेच होती. यादीत राहायचं तर केंद्रावर माणसं दोन हवीत, असा मंडळाचा नियम. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. एक झोपला तर दुसऱ्याने जागायचं. एकोणीस वर्षं काका बोलत आले आणि काकू लिहीत आल्या, कारण काकांचं अक्षर खुद्द काकांनाही लागत नसे. आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. चार दिवसांचं दुखणं. मुलगी लांबून आली, पंधरा दिवस राहिली, परत गेली. शेजारपाजारी, नात्यागोत्यात सगळ्यांना कळलं. रेडिओवर मात्र काकांनी अवाक्षर काढलं नाही.

ठरवून काही केलं नव्हतं बिचाऱ्यांनी. रोज सकाळी साडेसातला मंडळातले अकरा जण अर्धा तास रेडिओवर गप्पांना जमत. काकू गेल्यावर पुन्हा सेट लावला त्या पहिल्याच सकाळी कुणीतरी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" आणि सवयीने तोंडातून गेलं, "बरी आहे. आत आहे." दुसऱ्या दिवशी खरं सांगायला जीभ रेटेना, आणि मग रोजच तसं होत गेलं. त्या अकरा जणांपैकी एकालाही काकांनी कधी पाहिलेलं नव्हतं, सगळी ओळख आवाजांची. घर खायला उठायचं. पण सकाळी साडेसातला त्या अकरा जणांच्या लेखी काकू आत स्वयंपाकघरात होत्या, आणि काका अंथरुणातून उठत ते त्या अर्ध्या तासासाठी. म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता, पण कुणाचं काय जात होतं?

रविवारी दहाला सराव होता. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात काकांनी पेटी उघडली. तारेचं एक टोक झाडाला, दुसरं कुंपणाच्या खांबाला. एकट्याने दोन्हीकडे धावताना दमछाक झाली, तरी अर्ध्या तासाच्या आत सेट बोलू लागला. नियंत्रणावर त्या अकरा जणांतल्याच, गणिताच्या एक बाई असत. वर्गात हजेरी घ्यावी तशा त्या एकेक केंद्र घेत होत्या.

"केंद्र सात?"

"हजर."

"वीज?"

"बॅटरी. भरलेली."

"माणसं किती?"

"दोन," काका म्हणाले.

"नोंद घेतली. केंद्र सात यादीत कायम. केंद्र आठ?"

संपलं. इतकं सोपं होतं. यादीत नाव राहिलं, आणि काकूही राहिल्या. काकांनी मैदानाकडे पाहिलं. दुसरं माणूस नव्हतं. उद्या खरंच पूर आला, तर हे केंद्र दोघांचं समजून बाई रात्रंदिवस निरोप धाडणार. तिसऱ्या दिवशी काकांचा डोळा लागणार. कुणाची तरी आई छपरावर बसलेली असेल आणि तो निरोप घ्यायला इथे कुणी नसेल. हातून निरोप गहाळ होणं, तेही असं, हे काकांच्या रक्तात नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली, कारण आता जे बोलायचं होतं त्यानंतर काकू कुठेच उरणार नव्हत्या.

त्यांनी बटण दाबलं. "केंद्र सात. दुरुस्ती."

"सांगा."

"माणसं एक."

"काकू आज आल्या नाहीत का?"

"ती गेली. आठ महिने झाले."

केंद्र आठची पाळी होती, बाईंनी त्याला थांबायला सांगितलं.

"नाव काढावं लागेल, काका," बाई म्हणाल्या.

"काढा."

"दर आठवड्याला मी तुमच्याजवळ काकूंना नमस्कार सांगत होते." बाईंचा आवाज हजेरी घेणारीचा राहिला नव्हता.

"प्रत्येक वेळी पोचवला," काका म्हणाले. हे मात्र खोटं नव्हतं. सेट बंद करून ते दर वेळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात आणि मोठ्याने सांगून येत.