येऊन राहिलो

अहल्या पोतनीसच्या गाण्यांची मोठी अडचण ही होती की ती कुठल्याच गावाला आपली वाटत नसत. इंदूरच्या लोकांना ती फार मराठी वाटायची, पुण्याच्या लोकांना फार हिंदी. उज्जैनच्या लोकांना ती मुळात ऐकूच येत नव्हती, असं तिचं मत होतं.

शनिवारी संध्याकाळी ती उज्जैनच्याच टावर चौकाजवळच्या एका कॅफेत गिटार घेऊन बसायची. गाणी स्वतःची, चालीही स्वतःच्या. दुसरं गाणं सुरू होईपर्यंत कुठल्या ना कुठल्या टेबलावरून आवाज यायचा, "मॅडम, कुछ महादेव वाला हो जाए." महादेवाबद्दल तिची तक्रार नव्हती, त्याच्याच गावात ती लहानाची मोठी झाली होती. पण आपण जीव ओतून चार ओळी म्हणाव्या आणि समोरच्याने चटणी मागावी तशी फरमाइश करावी, हे तिला सहन होत नसे. तरी ती गायची, कारण कॅफेवाला डोळे वटारून बघत असे. बाकीचे दिवस ती एका शाळेत मुलांकडून प्रार्थना बसवून घेई.

घरी आई, बाबा आणि ती. बाबा, म्हणजे सुहास पोतनीस, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. माणूस बोलका. फ्रीगंजात भाजी आणायला गेले तर दोन तास परतायचे नाहीत, इतका बोलका. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना सगळं समजतं, आठवतं, फक्त शब्द तोंडापर्यंत पोचत नाहीत.

बऱ्याच आठवड्यांनी ते पहिल्यांदा बोलले ते म्हणजे, "येऊन राहिलो."

उज्जैनच्या मराठी घरांत 'येतोय' असं फारसं कोणी म्हणत नाही. माणूस दूरच्या तारणा गावाहून निघालेला असो की जिन्यावर असो, तो येऊन राहिलेला असतो. बाबा नोकरीत असताना साइटवरून रोज आईला फोन करून हेच सांगायचे, त्यामुळे त्या दिवशी आई आनंदाने रडली. मग लक्षात आलं की एवढंच शिल्लक आहे. पाणी हवं असलं तरी येऊन राहिलो, चहात साखर कमी पडली तरी येऊन राहिलो, पाठ दुखली, राग आला, टीव्ही बंद करायचा असला, तरी तेच. आवाजाच्या चढउतारावरून आई अर्थ लावायची. अर्थ चुकला की बाबा डाव्या मुठीने पलंग ठोकायचे.

त्याच दिवसांत अहल्याने ते गाणं लिहिलं. घरातल्या खोल्यांमधून चालणारा एक माणूस, दार दिसतं आहे, हाताला लागत नाही, आणि दर कडव्याच्या शेवटी तेच दोन शब्द. इतकं खरं आपण आजवर लिहिलं नाही, हे लिहितानाच तिला कळलं होतं.

रेकॉर्डिंग मात्र छळ होता. सिंहस्थासाठी गावातले रस्ते रुंद होत होते. तिने खोलीच्या भिंतींना भैरवगढच्या छापाच्या रजया लटकवल्या, खिडकीच्या फटीत जुनी धोतरं कोंबली, तरी ध्रुवपदाशी आलं की खाली ड्रिल सुरू व्हायची. ड्रिल थांबली तर हॉर्न. हॉर्न थांबले तर वरच्या मजल्यावरच्या शोभाकाकूंचा मिक्सर. तिचा मित्र विहंग साथीला दुसरी गिटार वाजवायचा आणि मिक्सिंगही तोच करायचा. कानांवरचा हेडफोन काढून तो शांतपणे म्हणायचा, "फिर से." एकदा तिने गिटार गादीवर फेकली आणि बाल्कनीत जाऊन खालच्या मजुरांवर ओरडली. ते हसले. त्यांच्यापर्यंत शब्द पोचलेच नव्हते.

शेवटी गाणं झालं. त्यातला एक तुकडा तिने नेटवर टाकला आणि पुण्याहून फोन आला. नवीन मराठी गाणी काढणाऱ्या एका कंपनीतली मृण्मयी नावाची मुलगी होती. तिने गाणं ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं होतं, दोघे जण तर रडले होते. गाणं त्यांना हवं होतं, व्हिडिओही करायचा होता. मग ती म्हणाली की एक छोटीशी दुरुस्ती आहे.

"ते 'येऊन राहिलो' चुकतंय गं. इथे ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस आला आणि राहिला. तुला तर उलट म्हणायचंय ना? 'येतोय, येतोय' कर. मात्राही बसतील."

अहल्याने सांगितलं की ते चूक नाही, आमच्याकडे तसंच बोलतात. मृण्मयी म्हणाली की बोलण्याबद्दल प्रश्नच नाही, पण गाणं सगळ्या महाराष्ट्राने ऐकायचं आहे. अहल्या म्हणाली की ती महाराष्ट्रात राहतच नाही. दोघी अगदी सभ्यपणे बोलत होत्या आणि अहल्याचे कान तापत चालले होते. शेवटी विचार करून सांगते म्हणून तिने फोन ठेवला.

विहंगला विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. एक शब्दाची तर बात आहे, तो म्हणाला. त्याला इंदूरच्या एका भजन बँडने बोलावलं होतं आणि हे गाणं निघेल म्हणून त्याने त्यांना अडकवून ठेवलं होतं. अहल्या म्हणाली, तो शब्द म्हणजेच गाणं आहे, आणि तो तिचा नाही, बाबांचा आहे. तो बदलायचा हक्क तिला नाही. विहंग म्हणाला, "तू काकांना विचारलंय का?"

तिने विचारलं नव्हतं. इतकंच नाही, बाबांना गाणं अजून ऐकवलंच नव्हतं. आवाज नीट बसू दे, मिक्सिंग होऊ दे, असं करता करता राहून गेलं होतं. आता मात्र तिला घाई झाली. बाबांनी एकदा मान हलवली की पुण्याला ठासून सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती त्यांच्या पलंगाशी बसली. आई शेजारी मटार सोलत होती. अहल्याने फोन उशीवर ठेवून गाणं लावलं. गिटार सुरू झाली तसे बाबा तिच्याकडे बघून हसले. डावी बोटं चादरीवर हलायला लागली. पहिलं कडवं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग ध्रुवपद आलं.

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर तिला वाटलं की ते खूश झाले. तेवढ्यात ध्रुवपद परत आलं आणि त्यांनी डाव्या हाताने फोन चाचपायला सुरुवात केली. बंद करायची जागा सापडेना. त्यांनी फोन ढकलला, तो खाली पडला आणि फरशीवरूनही गातच राहिला. "येऊन राहिलो," बाबा ओरडले, "येऊन राहिलो, येऊन राहिलो," आणि ते शब्द आपल्याच तोंडून येताहेत हे ऐकून त्यांनी मूठ स्वतःच्या मांडीवर मारली.

आईने उठून फोन बंद केला.

"त्यांना काय झालं?" अहल्याने विचारलं.

"काय होणार?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "ते शब्द त्यांचे नाहीत, अहल्या. रोज दुसरं काही तरी बोलायला जातात आणि हेच निघतं. त्यांना त्याची चीड आहे. आणि तू तेच त्यांना गाऊन दाखवून राहिली."

अहल्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ज्यांच्यासाठी ती पुण्याशी भांडत होती, त्यांनीच गाणं जमिनीवर फेकलं होतं. आधी तिला त्यांचाच राग आला. किती चांगलं गाणं होतं. कुठे तरी दोन माणसं ऑफिसात बसून रडली होती. मग त्या रागाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तिने नळ सोडला, भांडी धुतली, धुतलेलीच परत धुतली.

संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला. तिने वरच्या लोकांशी भांडून परवानगी मिळवली होती. "ठेव तुझा शब्द," ती म्हणाली. "आम्ही व्हिडिओत खाली अर्थ देऊ. उलट, बोलीतलं गाणं म्हणून वेगळं दिसेल."

काल हे ऐकलं असतं तर तिने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले असते. अहल्या म्हणाली, "मला हे गाणं आता काढायचं नाही."

मृण्मयीला वाटलं की ती अजून रुसलेली आहे. तिने समजूत घातली, मग कारण विचारलं. अहल्याने सांगायचा प्रयत्न केला, पण सांगताना ते कारण तिला स्वतःलाच धड वाटेना. बाबांना आवडलं नाही, इतकंच त्यातून निघालं. मृण्मयी म्हणाली की घरच्यांना आवडेल असंच लिहायचं तर कठीण आहे, आणि तिने फोन ठेवला. विहंगने इतकंही ऐकून घेतलं नाही. त्याने आपल्या वायरी, मायक्रोफोन सगळं बॅगेत भरलं आणि जिन्यात उभा राहून म्हणाला, "माझीपण मेहनत होती त्यात." त्याचं खरं होतं. पुढच्या महिन्यात तो भजन बँडबरोबर गेला.

कित्येक दिवस अहल्याने गिटारला हात लावला नाही. कॅफेतही नवीन काही गायली नाही. लोकांनी मागितलं ते दिलं, आणि टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या, याचाही तिला संताप आला.

मग एका रविवारी दुपारी बाबांनी कोपऱ्यातल्या गिटारकडे बोट केलं. तिने दुर्लक्ष केलं. त्यांनी पलंग ठोकला. ती गिटार घेऊन बसली आणि दुसरंच काही वाजवायला लागली, तर त्यांनी हात हलवून थांबवलं. तिने आणखी एक चाल वाजवली. तीही नको. शेवटी वैतागून तिने त्याच गाण्याची चाल धरली, न गाता. बाबांनी मान हलवली.

ध्रुवपदाच्या जागी तिने हात थांबवला. ते नको असेल असं तिला वाटलं. पण बाबांनी पुढे जा म्हणून खुणावलं, आणि चाल वर चढायला लागली तशी त्यांनी डाव्या हाताने तारा धरल्या. आवाज मेला. तिने परत वाजवलं, त्यांनी परत तिथेच धरलं. तळहात खाली नेऊन त्यांनी काही तरी दाखवलं.

"खाली आणू?"

त्यांनी ओठ मिटले आणि नाकातून एक सूर काढला. बेसूर होता, पण जिथे हवा तिथे जात होता: वर चढायच्या ऐवजी खाली उतरून, अर्ध्यात थांबणारा. त्यात शब्द नव्हते. तिने तो पकडायचा प्रयत्न केला, चुकली. त्यांनी डोळे मिटून परत दाखवला. ती परत चुकली. आता दोघेही चिडले होते. आई दारात येऊन म्हणाली की चहा निवून राहिला, तुम्ही दोघं भांडून घ्या आधी. कोणी उठलं नाही.

बऱ्याच खटपटीनंतर तो उतार तिच्या बोटांत बसला. तिने सबंध चाल सुरुवातीपासून वाजवली. बाबांनी ती पूर्ण होऊ दिली.

तिला ती आवडली नव्हती. तिच्या चालीत उमाळा होता. ही मध्येच सोडून दिल्यासारखी वाटत होती. तिने त्यांना तसं सरळ सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, खांदा उडवला, आणि परत वाजव म्हणून हात केला.