उभ्या राहिलेल्यांची माफी

मंत्रीसाहेब माइकपाशी पोचण्याआधीच आर्डिथने तो उचलला आणि म्हाताऱ्यांच्या रांगेपुढे नेऊन ठेवला.

"आधी त्या शाळेत होते ते उभे राहतील. माफी बसलेल्यांची नाही, उभ्या राहिलेल्यांची मागायची."

"साहेब, बसा जरा," रांगेतून इझिडोरकाका ओरडले. "आम्हाला उठायला वेळ लागतो!"

सभागृहात हशा पिकला.

तलावाकाठच्या या क्री आदिवासींच्या वस्तीची आर्डिथ सेवॅप प्रमुख होती. इथल्या पोरांना आयांच्या कुशीतून ओढून त्या शाळेत नेलं होतं, आपल्या क्री भाषेतला शब्द निघाला की तोंडात साबण कोंबला होता. आणि सरकारचं पालुपद एकच, ती सरकारी निवासी शाळा नव्हतीच, मग माफी कसली? आर्डिथने कोर्ट गाठलं, राजधानीत भर बर्फात ठाण मांडलं. त्यापायी तिचे केस पिकले, पण सरकार नमलं.

शाबासकी मिळाली नव्हती ती फक्त घरातून. "मी कधी गेले नाही त्या शाळेत," तिची आई फिलोमीन म्हणायची. "क्रीही येत नाही मला. कशाला उकरतेस ते?" लेकीशी ती जन्मभर इंग्रजीतच बोलली.

काठ्या टेकत म्हातारे एकेक करून उभे राहिले. तेवढ्यात सभागृहामागच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं. फिलोमीनने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि ती इझिडोरकाकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आई?"

तिने लेकीकडे पाहिलं नाही. माइक हातात घेतला आणि ती क्रीत बोलू लागली. आधी अडखळत, मग भडाभडा. म्हातारे हसले, रडले, काठ्या आपटून दाद देऊ लागले. इझिडोरकाकांनी टोपी काढून छातीशी धरली.

"काय म्हणताहेत त्या?" मंत्र्यांनी हळूच विचारलं.

इतकी वर्षं सरकारच्या प्रत्येक प्रश्नाला आर्डिथने उत्तर तयार ठेवलं होतं.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली आणि ओल्या डोळ्यांनी हसली.

मग मंत्र्यांनी माफी मागितली, उभ्यानेच. ती झाल्यावर फिलोमीन लेकीपाशी आली.

"नितानिस," ती म्हणाली. "माझी लेक. म्हण."

"नितानिस."

"जीभ जड आहे तुझी," आई म्हणाली. "पुन्हा म्हण."