शनिवारचे शून्य

हवामान खात्यातल्या वेझीच्या हिशेबाने रुंफी गावाजवळच्या पर्जन्यमापन ठाण्यावर साठ वर्षांत अतिवृष्टी अजिबात वाढलेली नव्हती. म्हणजे सोमवारच्या बैठकीत ओढ्यावर पुन्हा तीच अरुंद मोरी मंजूर होणार. ती मोरी दर वर्षी बुडायची, दवाखान्याची वाट बंद पडायची, आणि गेल्या पावसाळ्यात तीन बाळं आंब्याखाली जन्मली होती. आकडेवारीत बाळं मोजत नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं, की पहिल्या तीस वर्षांतले सगळे विक्रमी पाऊस रविवारचे होते. शनिवारी थेंब नाही. तीस वर्षं.

शनिवारी दुपारी ती, त्या तीस वर्षांत तिथे पाऊस मोजणाऱ्या निवृत्त निरीक्षक गोंडवे आजोबांच्या अंगणात बसली होती.

"शनिवार आमचा शब्बाथ," आजोबा म्हणाले. "त्या दिवशी काम नाही. पाऊस मोजणं हे काम."

"मग रकाना रिकामा ठेवायचा. तुम्ही शून्य लिहिलंत."

"मोजला नाही म्हणजे शून्यच ना, पोरी? आणि ते शून्यसुद्धा मी रविवारी लिहायचो."

"आणि शनिवारचं पाणी?"

"रविवारच्यात धरलं. थेंब वाया घालवला नाही."

वेझीने कपाळाला हात लावला. दोन दिवसांचं पाणी एका दिवसाच्या नावावर, म्हणून जुना काळ उगाच धो धो दिसत होता आणि हल्लीची वाढ झाकली जात होती. तिने तिथेच लॅपटॉप उघडून साठही वर्षांना एकच न्याय लावला: दोन-दोन दिवसांची बेरीज. वाढ लख्ख दिसली, योगायोग म्हणून झटकता येणार नाही अशी.

"आता हे सगळं लिहिलेल्या कागदावर सही करा, आजोबा. आमचे साहेब पुरावा मागतील. शेवटची बस चारला आहे."

"तीस वर्षं शनिवारी एक आकडा लिहिला नाही, तुझ्यासाठी अख्खं नाव लिहू?"

तोंडी चालेल का विचारायला तिने साहेबांना फोन लावला. उचलला नाही.

"उचलणार नाही," आजोबा म्हणाले. "आमच्याच चर्चचा आहे. तोही शब्बाथ पाळतो."

चारची बस गेली. आजीने शुक्रवारीच शिजवून ठेवलेला थंड न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवडा वाढला. सूर्य बुडाल्याची, म्हणजे शब्बाथ संपल्याची, दोनदा खात्री करून आजोबांनी चष्मा लावला आणि सही केली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. वेझीने सगळं सांगितलं.

"सोमवारी रुंद पूलच मागतो," साहेब म्हणाले. "दोन दिवसांची बेरीज सगळ्याच वर्षांना लावलीस ना? मग शनिवारचं पाणी कुठल्या दिवशी लिहिलं याने फरकच पडत नाही. सही कशाला हवी?"

आजोबा शाई वाळावी म्हणून कागदावर हळूहळू फुंकर घालत होते.