चार बोटं पाणी

“उज्वले, बादली पालथी घालत जा गं बाई. लेकरू आता धरून उभं राहायलंय.”

केवळाबाईंनी हे संक्रांतीच्या आसपास फोनवर सांगितलं होतं, किल्लारीहून. उज्वला “हाव आत्या” म्हणाली आणि विसरून गेली. सासूबाईंच्या सूचनांना अंत नव्हता. लेकराच्या उशाखाली विळा ठेव, तिन्हीसांजेला तिला घेऊन दारात बसू नको, शेजारीण जास्तच गोड बोलली तर मीठ-मोहऱ्या उतरून टाक. त्याच ढिगात ही बादलीही गेली. शिवाय लातुरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. बादली पालथी घालायची तर आतलं पाणी ओतायचं कुठं? तिनं हसत हसत नवऱ्याला, बजरंगला सांगितलंही होतं, “आत्यांना म्हणावं, आधी नळ रोज सोडायला लावा, मग आम्ही बादल्या पालथ्या घालू.”

ती निष्काळजी होती असं मात्र कुणी म्हणू नये. बी.एस्सी. झालेली बाई. घरातल्या खालच्या प्रत्येक सॉकेटला तिनं चिकटपट्टी लावली होती. शेंगदाण्याचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर. अकरा महिन्यांची ज्ञानेश्वरी झोपली की दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. बजरंग चिडवायचा, “अगं झोपू दे की तिला. हजेरी काय घ्यायलीस!” तिला कशाचीही भीती वाटायची. पाण्याच्या बाबतीत मात्र ते संपेल, एवढीच.

त्या रविवारी सकाळी बजरंगनं गाडी धुवायला काढली. दुसऱ्या दिवशी उदगीरला जायचं होतं, धाकट्या नणंदेसाठी, तनुजासाठी, स्थळ बघायला. पाहुण्यांच्या दारात धुळीनं माखलेली गाडी कशी उभी करायची?

गाडी धुण्याची त्याची रीत ठरलेली. फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी रंगाच्या रिकाम्या बादलीत साठवायचं. अर्धी बादली भरली की बास. आधी जुन्या लुगड्याच्या कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची, मग एक फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, एक कोरडं खांद्यावर. आधी टप, मग काचा, मग दारं, सगळ्यात शेवटी चाकं.

समोरच्या घरातून दयानंद बघत होता. एका दवाखान्यात कंपाउंडर.

“बजरंगराव, गाडी धुवायलाव का तापातल्या माणसागत अंग पुसून घ्यायलाव?”

“अर्ध्या बादलीत अख्खी गाडी हाय ही! तुमच्यानं होतंय का?”

“मला तर गाडीच न्हाई. एक थेंब न घालवता मीच जिंकलो की!”

पायरीवर ज्ञानूला मांडीवर घेऊन बसलेली उज्वलाही हसली. चाकं पुसून झाली तेव्हा बादलीत चार बोटं पाणी उरलं होतं, चहासारखं. बजरंग ते कढीपत्त्याच्या झाडाला घालायला निघाला.

“अहो, फेकू नका,” उज्वला म्हणाली. “संडासात टाकायला होतंय. नळ गुरुवारी हाय अजून.”

त्यानं बादली खाली ठेवली, भिंत आणि मागचं चाक यांच्या मधल्या बेचक्यात. पिवळं फडकं आतच राहिलं. मग तो पुढचं दार उघडून, सीटखाली डोकं घालून झाडायला लागला.

स्वयंपाकघरात फोन वाजला. उज्वलानं ज्ञानूला पायरीवरून खाली फरशीवर बसवलं.

“अहो, हिच्याकडं बघा.”

गाडीतून “हं” आलं. आलं असं ती म्हणते. बजरंग म्हणतो, मला ऐकूच आलं नाही. ते दोघांनीही पुन्हा कधी काढलेलं नाही.

फोन केवळाबाईंचा होता. उद्या निघणार किती वाजता, नारळ घेतलास का, तनुजाला अबोली रंगाचं पातळ शोभंल का हिरवं. उज्वला गॅसजवळ उभी राहून हो-नाही करत होती. बाहेर काहीच आवाज नव्हता, आणि आवाज नाही हे तिच्या लक्षात आलं नाही.

“आता लेकराला दे,” केवळाबाई म्हणाल्या. “आवाज ऐकू दे.”

त्याशिवाय त्या फोन ठेवतच नसत. ज्ञानू फोनमध्ये “आ” ओरडली की मगच त्यांचं समाधान. उज्वलाला याचा कंटाळा यायचा. झोपलीय म्हणून सांगावं, असं त्या दिवशी तिच्या अगदी ओठांवर होतं. पण बजरंग ऐकेल म्हणून ती फोन घेऊन बाहेर आली.

तिला पाय दिसले. बादलीच्या वर दोन पाय, डाव्या पायात वाळा. उजवा वाळा कुठं गेला, असं तिच्या मनात आलं. पाय हलत नव्हते.

तिनं लेकराला पायाला धरून काढलं की कमरेला, हे तिला आजही सांगता येत नाही. बेचक्यात घट्ट बसलेली बादली कलंडली नव्हती, एवढं आठवतं. पिवळं फडकं ज्ञानूच्या मुठीत होतं. तोंडाचा रंग बदललेला. बजरंग नुसता “अगं, अगं” करत होता. कंपाउंडवरून उडी मारून दयानंद आला, त्यानं लेकरू तिच्या हातातून घेतलं, फरशीवर उताणं निजवलं आणि ज्ञानूच्या नाकातोंडावर तोंड ठेवून फुंकायला लागला.

फोन फरशीवर पडला होता. चालूच होता.

“हालो? आवाज यीना गं. ज्ञानू, आज्जी म्हण. आज्जी.”

दयानंद फुंकत होता. उज्वला गाडीकडं बघत होती. मागच्या काचेचा एक कोपरा पुसायचा राहिला होता.

मग खोकला आला. गढूळ पाणी आलं, आणि त्यामागून एक बारीक, चिरकं रडणं.

“आला, आला आवाज,” फोनमधून केवळाबाई म्हणाल्या. “रडायलीय व्हय? घे गं तिला.”

दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. फुप्फुसं साफ आहेत, लेकरू ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. बजरंग तिथल्या बाकावर बसून रडला. उज्वला रडली नाही. तिनं फॉर्म भरला, जन्मतारीख बरोबर लिहिली. खिडकीतून खाली लावलेली गाडी दिसायची, स्वच्छ, चकचकीत. उदगीरला कुणीच गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी केवळाबाई जीपनं आल्या. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या म्हणतील, म्हणून उज्वला मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी पिशवी ठेवली आणि पदर खोचला. न्हाणीतल्या दोन्ही बादल्या ओतल्या. टब ओतला. मागच्या दाराची घमेली ओतली. पिण्याच्या ड्रमचं झाकण दाबून पाहिलं आणि त्यावर पाटा ठेवला. नळ यायला अजून एक दिवस होता. त्यांना कुणी अडवलं नाही. रंगाची बादली भिंतीशी तशीच होती. तीही त्यांनी कढीपत्त्याला घातली आणि पालथी केली.

उजवा वाळा तेव्हा बुडाशी सापडला. त्यांनी तो पदरानं पुसून उज्वलाच्या हातात दिला. तिनं तो फळीवर ठेवला, शेंगदाण्याच्या डब्याशेजारी. अजून तिथंच आहे.

ज्ञानू आता चालते. गाडीवर धूळ असते, बजरंग तसाच कामाला जातो. भांडी घासताना उज्वला मध्येच थांबते, हात गळत असतात, आणि घरातला आवाज ऐकते.

हे वाचण्यात तुमची चार-पाच मिनिटं गेली असतील. तिचा फोन तेवढाही चालला नव्हता. घरात धरून उभं राहणारं लेकरू असेल तर ते कुणाजवळ तरी असेल, असं धरून चालू नका. नुसती हाकही मारू नका. उठा, आणि ते कुठं आहे ते बघून या.